ग्रंथपालाचे नेतृत्व आणि सर्जनशीलता: ग्रंथालये चालवणाऱ्या मंडळांना खुले पत्र

प्रति,
ग्रंथालये चालवणाऱ्या सर्व व्यवस्थापन मंडळांचे अध्यक्ष, सदस्य आणि प्रशासक यांस,

विषय: ग्रंथालय सेवकांच्या नेतृत्व व सर्जनशीलता प्रशिक्षणाची तरतूद रद्द करण्याच्या निर्णयाबाबत

महोदय, महोदया,

मी गेली २२ वर्षे ग्रंथालयात काम करते आहे. त्यांपैकी पहिली ११ वर्षे देवघेव विभागात आणि तालिकीकरणात, म्हणजे पुस्तकांच्या सूचीतल्या नोंदी करण्यात, गेली आणि पुढची ११ ग्रंथपाल म्हणून. हे पत्र लिहिण्याचे कारण अंदाजपत्रकातला एक छोटा शेरा आहे. आमच्या मंडळाने पुढील वर्षासाठी ग्रंथालय सेवकांच्या व्यावसायिक विकासाची तरतूद काढून टाकली. नेतृत्व आणि सर्जनशीलता हे विषय ग्रंथालयीन कामकाजाशी थेट संबंधित नाहीत आणि आवश्यक ते तांत्रिक प्रशिक्षण संगणकप्रणालीचा पुरवठादार विनामूल्य देतोच, असे कारण त्यापुढे नोंदवले आहे. मी त्या मंडळाचे नाव येथे घेत नाही. इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांशी बोलल्यावर कळले की शब्द थोडे मागेपुढे असतील, पण हेच उत्तर त्यांनाही मिळालेले आहे. म्हणून हे पत्र एका मंडळाला न लिहिता आपणा सर्वांना लिहिते आहे, आणि वाचकांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

हा शेरा आकसाने लिहिलेला आहे असे मी मानत नाही. पण तो लिहिणाऱ्यांच्या मनात आमच्या कामाचे जे चित्र आहे, ते मला मान्य नाही. पुस्तक द्यायचे, परत घ्यायचे, नोंद करायची आणि पुन्हा मांडणीवर लावायचे, एवढेच आमचे काम असते, तर तो शेरा बिनचूक ठरला असता. प्रत्यक्षात आमचा दिवस वेगळ्याच प्रश्नांत जातो. नियतकालिकांची वर्गणी वाढली आणि तरतूद तेवढीच राहिली, तर कोणते नियतकालिक बंद करायचे आणि ते वाचणाऱ्या मोजक्या वाचकांना काय सांगायचे? एखादे पुस्तक मांडणीवरून काढून टाका अशी मागणी घेऊन कोणी आले, तर तिला सामोरे कसे जायचे? निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून कायमच्या काढायच्या पुस्तकांच्या, यादीत काय घालायचे आणि काय जपायचे? अपुऱ्या माणसांत दोन पाळ्या कशा लावायच्या? वाचनकक्षात रोज येऊन पुस्तकाला हातही न लावणाऱ्या तरुणांना उठवायचे, की ते का येतात हे आधी समजून घ्यायचे? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर संगणकप्रणालीच्या पडद्यावर नाही. ही उत्तरे शोधण्यासाठी माणसांना बरोबर घेऊन निर्णय करण्याची आणि रुळलेल्या वाटेबाहेर पाहण्याची सवय लागते, आणि ही सवय शिकवून, सरावाने लागते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. ग्रंथपाल झाल्यावर दुसऱ्या वर्षी आमच्या एका ग्रंथालय परिचराने मला एक गोष्ट सुचवली. वाचकांनी परत केलेली पुस्तके आपण लगेच मांडणीवर नेऊन लावतो, त्याऐवजी ती चाकांच्या गाडीवर तशीच दिवसभर दाराजवळ ठेवावीत, असे त्याचे म्हणणे होते, कारण लोक तीच आधी चाळतात. मी ते ऐकले आणि नकार दिला. पुस्तक वर्गीकरण क्रमांकानुसार आपल्या जागी असले पाहिजे, नाहीतर शोधणाऱ्याला सापडणार नाही, असे मी त्याला सांगितले. नियमाच्या दृष्टीने माझे म्हणणे बरोबर होते. तो गप्प बसला आणि त्यानंतर बराच काळ त्याने मला काहीही सुचवले नाही.

पुढे मी स्वतःची रजा टाकून आणि स्वतःच्या खर्चाने ग्रंथपालांसाठीच्या एका नेतृत्व कार्यशाळेला गेले. तिथे आम्हाला दिलेला पहिला अभ्यास साधा होता. आपल्या ग्रंथालयात परत जा, टेबल सोडा, एक तास कोपऱ्यात उभे राहा, कोणाला मदत करू नका, फक्त वाचक काय करतात ते लिहून काढा आणि पुढच्या सत्राला घेऊन या. मी तसे केले. त्या तासात आत आलेल्या वाचकांपैकी निम्म्याहून अधिक जण मांडणीकडे वळण्याआधी देवघेव काउंटरवर पडलेल्या, परत आलेल्या पुस्तकांपाशी थांबले. वाचकाला हजारो पुस्तकांतून एक निवडायचे असते आणि दुसऱ्या कोणी नुकतेच वाचून परत केलेले पुस्तक ही त्याला मिळालेली सर्वांत जवळची शिफारस असते. हे आमच्या परिचराला कित्येक वर्षांपासून माहीत होते. मला ते दिसले नव्हते, कारण वाचकांकडे पाहण्याचा तास माझ्या कामाच्या वेळापत्रकात कधी नव्हताच. दुसऱ्या दिवशी मी त्याची माफी मागितली आणि ती गाडी दाराजवळ लावली. आज ती तिथेच आहे. रोज संध्याकाळपर्यंत ती बरीचशी रिकामी झालेली असते.

या एका अनुभवात आपण वगळलेले दोन्ही विषय आहेत. हाताखालच्या माणसाचे म्हणणे ऐकून घेणे आणि चूक झाली तर ती कबूल करणे हे नेतृत्व. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट नव्याने पाहणे ही सर्जनशीलता. त्यासाठी मला कोणतेही यंत्र लागले नाही. एक अभ्यास, एक तास आणि तो करून आल्यावर त्याबद्दल विचारणारा मार्गदर्शक, एवढेच लागले.

आपल्यापैकी कोणाला हे नवे खूळ वाटत असेल, तर ग्रंथालयशास्त्राच्या इतिहासातले एक उदाहरण सांगते. एस. आर. रंगनाथन हे गणिताचे अध्यापक होते. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली, पण थोड्याच दिवसांत त्या कामाला कंटाळून ते पुन्हा शिकवण्याकडे परतू पाहत होते. विद्यापीठाने त्यांना प्रशिक्षणासाठी लंडनला पाठवले. तिथे युनिव्हर्सिटी कॉलेजात डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स या ब्रिटिश ग्रंथपालांकडे ते वर्गीकरण शिकले, अनेक ग्रंथालये हिंडून पाहिली, ग्रंथालय आणि आसपासचा समाज यांचे नाते जवळून पाहिले. सुटे भाग जोडून नवनवी खेळणी तयार करता येणारा मेकॅनोचा संच त्यांनी लंडनमधल्याच एका दुकानात पाहिला आणि पुस्तकाचा विषयही असाच सुट्या घटकांतून बांधता येईल, ही कल्पना त्यांना सुचली. १९३३ साली प्रसिद्ध झालेली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती, म्हणजे विषयाचे घटक द्विबिंदूने (:) जोडून पुस्तकाचा क्रमांक बनवण्याची पद्धत, त्यातून आली. त्याआधी १९३१ साली त्यांनी मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला शेवटचा नियम आपल्यापैकी अनेकांच्या भाषणांत येतो: ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. प्रशिक्षणाला पाठवलेला माणूस अभ्यासक्रमात नसलेली गोष्ट घेऊन परत आला, कारण त्याला पाहायला, हिंडायला आणि विचार करायला मोकळीक मिळाली होती. आज कोणी ग्रंथपाल प्रशिक्षणाच्या काळात खेळण्यांच्या दुकानात गेला असे कळले, तर त्याच्याकडून खुलासा मागवला जाईल, अशी मला खरोखर भीती वाटते.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार अशी की आपण प्रशिक्षण या शब्दाचा अर्थ संगणकप्रणाली वापरण्याची माहिती इतका आकसवून टाकला आहे. गेल्या दहा वर्षांत आमच्या सेवकांना जी काही प्रशिक्षणे मिळाली, ती बारकोड, नवी प्रणाली, तिची पुढची आवृत्ती आणि अहवाल काढण्याची पद्धत यांचीच होती. ती उपयोगी होती आणि पुढेही लागतील. पण पुरवठादार आपल्या प्रणालीबद्दल शिकवणार, वाचकाबद्दल नव्हे. संगणकीकरणानंतर नोंदी करण्यातला जो वेळ वाचला त्याचे काय करायचे, हे आम्हाला कोणीही विचारले नाही आणि शिकवलेही नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. आपण ज्येष्ठता आणि नेतृत्व यांना एकच मानता. मी ग्रंथपाल झाले त्या दिवशी मला किल्ल्या, दाखल नोंदवही, शिक्के आणि मागच्या पडताळणीत न सापडलेल्या पुस्तकांची यादी मिळाली. माणसे कशी सांभाळायची याबद्दल एक शब्दही मिळाला नाही. आदल्या दिवशीपर्यंत जे माझे बरोबरीचे सहकारी होते, त्यांच्या रजा मंजूर करायच्या, त्यांच्या कामातल्या उणिवा सांगायच्या, त्यांच्यातली भांडणे मिटवायची, हे सगळे मी अंदाजाने केले. पहिल्याच महिन्यात कोणालाही न विचारता पाळ्यांचे वेळापत्रक बदलले आणि दोन अनुभवी माणसे दुखावली. संदर्भ विभागात ज्याची बुद्धी चालली असती असा एक तरुण सहकारी मी तीन वर्षे पुस्तकांना चिकटपट्ट्या लावण्यावर ठेवला, कारण तो तिथे आधीपासून होता. तो नोकरी सोडून गेला. जाताना तो म्हणाला की त्याला पुस्तके आवडत होती, फक्त ग्रंथालयात त्याच्याशी कोणी पुस्तकांबद्दल बोलत नव्हते. हे वाक्य मी विसरलेली नाही. ती चूक माझी होतीच, पण त्या पदावर बसवण्याआधी मला त्यासाठी तयार करणे ही मंडळाची जबाबदारी होती.

नेतृत्व पदाबरोबर आपोआप येत नाही, हे इतरत्र फार पूर्वी ओळखले गेले आहे. अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १९९० साली ग्रंथपालांसाठी जी नेतृत्व कार्यशाळा सुरू झाली, ती विभागप्रमुखांसाठी नसून या व्यवसायात नुकत्याच आलेल्या ग्रंथपालांसाठी होती. ऑस्ट्रेलियात १९९५ साली सुरू झालेल्या ऑरोरा या उपक्रमाचा प्रेरणास्रोतही तोच होता. माणूस प्रमुख होण्याआधीच त्याला तयार करायचे, हा विचार मला अत्यंत व्यवहार्य वाटतो, कारण प्रमुख झाल्यावर शिकायला वेळ उरत नाही आणि चुकांची किंमत इतरांना मोजावी लागते.

तिसरी तक्रार: प्रशिक्षण झालेच तर ते ग्रंथपालापुरते असते. वाचकाशी दिवसभर बोलणारे सहायक आणि परिचर त्यात कधीच नसतात. वर सांगितलेल्या गाडीच्या गोष्टीनंतर यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

चौथी तक्रार भीतीबद्दल आहे. आपण भाषणांत आमच्याकडून नवनवे उपक्रम मागता, पण फसलेल्या उपक्रमाचे काय होते हे आम्ही पाहिलेले असते. पडताळणीत पुस्तक कमी भरले की पहिला प्रश्न जबाबदारी कोणाची हा असतो. त्यामुळे ग्रंथपाल पुस्तके जपायला शिकतो आणि हळूहळू ती वाचकांपासूनच जपू लागतो. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः मांडणीपाशी जाऊन पुस्तक निवडण्याची मोकळीक, कागदावर राहते, कपाटांना कुलपे लागतात, नवी आणि महागडी पुस्तके कार्यालयात राहतात. हे आळसाने घडत नाही. चुकण्याची मुभा नसलेला कोणताही समजूतदार माणूस असाच वागेल. सर्जनशीलतेच्या प्रशिक्षणाचा खरा उपयोग इथे आहे. छोटा प्रयोग कसा आखायचा, त्याचा कालावधी आणि धोका आधीच कसा ठरवायचा, तो फसला हे केव्हा ओळखायचे आणि थांबायचे कसे, हे शिकता येते. अशी पद्धत अंगवळणी पडली की मंडळालाही परवानगी देणे सोपे जाते.

याच संदर्भात शिकागो सार्वजनिक ग्रंथालयाचा एक निर्णय आठवतो. त्या ग्रंथालयाने १ ऑक्टोबर २०१९ पासून उशिरा आलेल्या पुस्तकांवरचा दंड रद्द केला आणि जुनी थकबाकीही माफ केली. दंड नसेल तर पुस्तके परत येणारच नाहीत, ही भीती आपल्या सर्वांच्या मनात असते. घडले उलटेच. पुढच्या काही आठवड्यांत वर्षानुवर्षे घरी अडकलेली पुस्तके परत येऊ लागली, कारण दंडाच्या धास्तीने ग्रंथालयाकडे पाठ फिरवलेले वाचक परत आले. प्रत्येक ग्रंथालयाने तसेच करावे असे मी म्हणत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच की शतकभर गृहीत धरलेल्या नियमाला प्रश्न विचारण्यासाठी कल्पकता लागते, आणि तो बदल आकडे मांडून मंडळाला पटवून द्यायला नेतृत्व लागते. आमच्यापैकी किती जणांना मंडळापुढे उभे राहून असा प्रस्ताव मांडता येईल? मला तो मांडायला बरीच वर्षे लागली.

पाचवी तक्रार वेळेची आहे. ग्रंथालय बंद ठेवता येत नाही आणि बदली माणूस मिळत नाही, म्हणून ज्याला शिकायचे आहे त्याने स्वतःची रजा टाकून शिकावे, ही रीत पडून गेली आहे.

आपल्या बाजूचे एक म्हणणे मला मान्य आहे. सर्जनशीलतेच्या नावाने चालणारी पुष्कळ शिबिरे निरुपयोगी असतात. मी स्वतः अशा एका शिबिराला गेले आहे, जिथे दिवसभर रंगीत कागदांवर शब्द लिहून भिंतीवर चिकटवले गेले, शेवटी प्रमाणपत्रे आणि छायाचित्रे झाली आणि त्यानंतर कोणीही कोणाला काहीही विचारले नाही. अशा शिबिरांसाठी मी एक पैसाही मागत नाही. चांगल्या प्रशिक्षणाची ओळख सोपी आहे: शिकणारा आपल्या ग्रंथालयातला खरा प्रश्न घेऊन येतो, त्यावर काम करतो, परत जाऊन काहीतरी करून पाहतो आणि काय झाले ते सांगायला पुन्हा येतो. शिकागोचे ग्रंथालय आणि डेन्मार्कमधील ऑर्हुस येथील ग्रंथालये यांनी आयडिओ या डिझाइन संस्थेबरोबर ग्रंथपालांसाठी एक मार्गदर्शिका तयार केली आणि ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. तिचा गाभाही हाच आहे. आधी वाचकांकडे जाऊन पाहायचे आणि ऐकायचे, मग कल्पना मांडायच्या, त्यांतली एखादी स्वस्तात आणि लहान प्रमाणावर करून पाहायची आणि वाचकांच्या प्रतिसादावरून ती सुधारत न्यायची.

पैसे नाहीत, हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. यासाठी आंतरराष्ट्रीय मापदंड आधीच उपलब्ध आहेत. ग्रंथालय संघटनांचा जागतिक महासंघ म्हणजे इफ्ला आणि युनेस्को यांच्या सार्वजनिक ग्रंथालय सेवेच्या २००१ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत एकूण अंदाजपत्रकाच्या ०.५ ते १ टक्का रक्कम प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी असे म्हटले आहे. सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाबद्दलच्या इफ्लाच्या तत्त्वांत तर कामाच्या वेळेपैकी सुमारे १० टक्के वेळ शिकण्यासाठी द्यावा, अशी शिफारस आहे. इफ्ला व युनेस्कोच्या १९९४ सालच्या जाहीरनाम्यात ग्रंथपालाचे व्यावसायिक व निरंतर शिक्षण अपरिहार्य मानले आहे आणि २०२२ च्या सुधारित जाहीरनाम्यातही ती भूमिका कायम आहे. म्हणजे मी जे मागते आहे ते चैनीचे नाही. शंभरातला एक भाग किंवा त्याहूनही कमी, एवढीच ही मागणी आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना, जसे की शेजारच्या ग्रंथालयात आठवडाभर काम करून पाहणे किंवा अनुभवी ग्रंथपालाने नव्या ग्रंथपालाला वर्षभर मार्गदर्शन करणे, पैशापेक्षा परवानगीच अधिक लागते.

शिकवलेली माणसे सोडून जातात, असेही मला एका बैठकीत सांगितले गेले. माझ्याकडून सोडून गेलेला सहकारी शिकवल्यामुळे गेला नव्हता.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. व्यावसायिक विकासाची वगळलेली तरतूद पुन्हा अंदाजपत्रकात घ्यावी, ती एकूण खर्चाच्या किमान अर्धा टक्का असावी आणि वर्षाच्या मध्यात दुसऱ्या शीर्षकाकडे वळवली जाऊ नये. नेतृत्व आणि सर्जनशीलता हे विषय त्या तरतुदीत स्पष्ट शब्दांत लिहावेत, म्हणजे तांत्रिक प्रशिक्षणावरच ती संपणार नाही. प्रशिक्षणाचा काळ कर्तव्यकाळ समजावा आणि त्या दिवसांसाठी बदली व्यवस्था मंडळाने करावी. प्रशिक्षणार्थींत दरवर्षी किमान निम्मे सेवक ग्रंथपालाच्या खालच्या पदांवरचे असावेत आणि त्यांत परिचरांचा समावेश असावा. ग्रंथपालपदाचा कार्यभार देण्याआधी, आणि तेवढी सवड नसेल तर कार्यभार दिल्यापासून सहा महिन्यांत, त्या व्यक्तीला नेतृत्वाचे प्रशिक्षण आणि एक अनुभवी मार्गदर्शक मिळावा. एकदिवसीय व्याख्याने यात मोजू नयेत. प्रत्येक ग्रंथालयाला वर्षातून एक छोटा, लेखी आखलेला प्रयोग करण्याची पूर्वमंजुरी असावी आणि तो प्रामाणिकपणे करूनही फसला, तर कोणावरही वसुली किंवा कारवाई होणार नाही, असे मंडळाने लेखी द्यावे. प्रयोगाचा अहवाल मात्र मंडळापुढे ठेवणे आम्हाला बंधनकारक असावे, आणि तो वाचला जावा. शेवटची मागणी अशी की ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकावर चर्चा होते त्या बैठकीत ग्रंथपालाला बोलावले जावे आणि बोलू द्यावे. तो शेरा लिहिला गेला तेव्हा ग्रंथालयातले कोणीही त्या बैठकीत नव्हते.

पुढील वर्षाचे अंदाजपत्रक अंतिम होण्यापूर्वी आपण या पत्राला लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. मान्य न होणाऱ्या मागण्यांची कारणेही कळवावीत, म्हणजे त्यांवर बोलता येईल. मंडळाच्या कोणत्याही सदस्याने एखाद्या दिवशी एक तास आमच्या वाचनकक्षाच्या कोपऱ्यात उभे राहून वाचक काय करतात हे पाहण्याची तयारी दाखवली, तर मी त्यांच्या शेजारी उभी राहीन. आमचा तो परिचरही असेल.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल